हिराबाईची सावड

नगरहून निघाले तेव्हा लख्ख ऊन होतं. अकोले गाव सोडल्यावर जीप डोंगरात शिरली आणि सगळं ओलं, हिरवं झालं. कॉलेजात मी उत्क्रांती शिकवते. माणूस दुसऱ्याच्या उपयोगी का पडतो, याचं माझं ठरलेलं उत्तर आहे: माकडं एकमेकांच्या उवा काढतात ना, तसंच. आज तू माझ्या, उद्या मी तुझ्या. पोरं हसतात, तास संपतो.

भंडारदऱ्याच्या अलीकडे जीप चिखलात रुतली. "आवणी उरकल्याबिगर मानसं ढकलाया येत न्हाईत," ड्रायव्हर म्हणाला आणि बिडी पेटवली. शेजारच्या खाचरात बायाबाप्ये वाकून भाताची रोपं लावत होते, तीच आवणी. खाचर हिराबाईचं. नवऱ्याचा पाय मोडलेला, रोपं जून व्हायला लागलेली. आता लागली नसती तर वर्षाचं भात गेलं असतं. म्हणून सावड घातली होती (आज सगळे तिच्या रानात, मग ती एकेकाच्या).

"एकटीनं सगळ्यांचं कसं फेडणार?" मी बांधावरून हिराबाईला विचारलं.

"जाईन की! हात हायेत ना?"

नुसतं बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. पदर खोचला आणि उतरले. मी लावलेली रोपं पाण्यावर तरंगायला लागली, तशी एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, भात लावती का नदीला फुलं वाहती?" सगळं खाचर हसलं. माझ्या कंबरेचे मात्र तीनतेरा वाजले.

दुपारी बांधावर नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाचं घुटं. अहाहा! हिराबाईनं विचारलं, "बाई, तुमची सावड कवा फेडू?"

"छे हो, मला काही परत नको." मोठ्या मनानं बोलले, असं मला वाटलं.

तिचा चेहराच उतरला. "समद्यांचं फेडायचं, अन् तुमचं तेवढं फुकट ठिवायचं व्हय? नवरा अंथरुनात पडलाय, मी न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बरं, नगरला या, काम सांगते," म्हणून पत्ता दिला. मग सगळ्यांनी मिळून जीप ढकलली. ही कसली येतेय, असं वाटत मी घरी आले.

भात निघाल्यावर एका सकाळी ती दारात उभी. "सांगा काम."

दोन खोल्यांत एकटी राहणारी मी, काम सुचेना. शेवटी तेलाची बाटली तिच्या हातात दिली आणि पुढ्यात बसले. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. मी ढसाढसा रडले. ती तेल जिरवत राहिली.

"फिटली बगा सावड," वेणी घालून ती म्हणाली.

"फिटते कशी?" मी डोळे पुसले. "आता पुढची आवणी माझ्यावर आली."

"या," हिराबाई म्हणाली, "पर त्या खेपेला रोपं नीट रोवा."