शुक्रवारी आम्ही अमेरिकेतलं घर बघायचो

गायत्रीचा पेपर पास होईपर्यंत मी खुर्चीवर बसणार नाही, असं मी तिरुनागेश्वरमला देवासमोर बोलून बसले. आमचे हे म्हणाले, "देवाला तुझ्या खुर्चीशी काय घेणं?" मी म्हटलं, "देवाला काही नाही हो. पण गुडघे दुखले की मला त्याची आठवण राहील!"

नवस एक, पण त्याच्यामागे किस्से किती जमले! आमच्या भजनाच्या बायकांत गोष्ट आली की तिचा किस्सा होऊनच ती बाहेर पडते.

गायत्री माझी लेक. कुंभकोणमहून थेट अमेरिकेत गेली, तिथल्या जुन्या, 'अर्ली अमेरिकन' म्हणतात त्या घरांची आतली मांडणी शिकायला. दोनशे वर्षांपूर्वीचं एक घर तिथे म्युझियम म्हणून जपलंय. त्या घरातली बाई स्वयंपाकघरात नेमकी कुठे उभी राहून काम करायची, हे घराच्याच खुणांवरून सिद्ध करायचं, हा तिचा पेपर. नाही जमलं तर वर्ष वाया.

शुक्रवारी तिची सकाळ म्हणजे आमची दिवेलागण. ती मोजमापं घ्यायला गेली की फोन करायची. इकडे भजन आटोपून कामाक्का, सुंदरीवैनी आणि मी एका फोनात तीन डोकी घालायचो. कामाक्का बँकेतून रिटायर झालेली, म्हणून पहिला प्रश्न तिचाच.

* * *

पहिल्या दिवशी गायत्रीने बैठकीची खोली दाखवली. सगळ्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मधे मोकळी जमीन.

"अय्यो, पाहुणे बसायच्या आधीच झाडायला काढलंय!" सुंदरीवैनी म्हणाल्या.

गायत्री सांगायला लागली, "तसं नाही वैनी. त्या काळी खोलीला एकच काम नसायचं. लागेल तसं टेबल ओढायचं, खुर्च्या मांडायच्या, झालं की परत भिंतीला."

कामाक्काने मान वर करून आमच्या हॉलकडे पाहिलं. भजनासाठी खुर्च्या भिंतीला, मधे सतरंजी.

"म्हणजे गे, तुझ्या आईचा हॉलही अर्ली अमेरिकनच की!"

* * *

पुढच्या शुक्रवारी पलंग. चार खांब, वर छत, आणि गादीखाली आडवेउभे दोर. दोर सैल पडले की लाकडी किल्लीने पिळून घट्ट करायचे म्हणे. गायत्री अगदी रंगून सांगत होती.

सुंदरीवैनींनी फोन आपल्याकडे ओढला. त्या इथल्या जवळच्याच साक्कोट्टै गावची सून.

"गायत्री, विमानाला एवढे पैसे घातलेस. दोरांची खाटच बघायची होती तर माझ्या सासरी यायचंस. बसही आहे!"

* * *

त्या घराची राखणदार डोरोथी. वय सत्तरीपुढे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि तोंडात एकच वाक्य, हात लावू नका. प्रत्येक खोलीच्या दारात दोरी, आणि दोरीपाशी डोरोथी.

एकदा तिने विचारलं, "फोनमधल्या या बायका कुठली भाषा बोलतात?"

गायत्री म्हणाली, "मराठी. पण तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आली ती. आमचे पुण्याचे पाहुणे म्हणतात, तुमची भाषा म्युझियममधली."

"या घरापेक्षाही जुनी?" डोरोथीने चष्मा पुसून आमच्याकडे नीट पाहिलं. "मग त्यांनाही दोरी लावायला हवी!"

त्या दिवसापासून ती आमची.

* * *

पेपर मात्र अडलेला. म्युझियमवाल्यांनी स्वयंपाकघरातलं टेबल चुलीसमोर ठेवलं होतं, पण ते अंदाजाने. पुरावा काही नाही.

मी जमिनीवर बसून बसून माझ्याच स्वयंपाकघरात एक गोष्ट पाहिली होती. मागच्या दारापाशी लाल फरशीवर एक फिकट डाग आहे. सासूबाई विळी घेऊन तिथेच बसायच्या. उभ्याने तो कधी दिसलाच नव्हता!

म्हटलं, "गायत्री, फोन खाली ठेव. अगदी जमिनीला."

तिने दोरीच्या अलीकडे फोन टेकवला. खिडकीचा उजेड जमिनीच्या फळ्यांवरून सरपटत आला आणि डाव्या खिडकीखाली दोन पावलांएवढा खोलगट भाग दिसला. लाकडाच्या गाठी तेवढ्या वर राहिलेल्या, बाकीचं अस्कं लाकूड झिजलेलं.

"वाळवी," कामाक्का म्हणाली.

"वाळवी पाय जुळवून उभी राहते का अक्का?" मी म्हटलं. "ही आपल्यासारखीच कोणीतरी आहे. उजेडाला उभी राहायची."

गायत्रीने त्याच रात्री लिहून पाठवलं. मी देवाला नमस्कार केला. झालंच काम!

* * *

पेपर परत आला. प्रोफेसरांनी लिहिलं होतं, "उजवीकडच्या खिडकीत याहून जास्त उजेड आहे. मग बाई तिथे का नाही उभी राहिली? उत्तर आणा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

शुक्रवारी गायत्रीचा आवाज रडवेला. आम्ही धीर सोडला नाही.

"तिकडे धूर जात असेल," कामाक्का.

"तिकडे सासू बसत असेल," सुंदरीवैनी.

डोरोथी हे सगळं गायत्रीकडून समजून घेत होती. वीस वर्षांत तिने त्या दोरीपलीकडे माशी जाऊ दिली नसेल. तिने दोरीचा आकडा काढला, आत गेली, त्या खोलगटात दोन्ही पाय ठेवले आणि डाव्या खिडकीशी उभी राहिली.

"इथून फाटक दिसतं," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या खिडकीतून नाही दिसत."

गायत्रीने फोन फिरवला. गवतातून गेलेली वाट, फाटक, पुढे रस्ता.

कामाक्काचे दोन्ही मुलगे परदेशात. तिने हळूच विचारलं, "कोण यायचं होतं गे तिचं?"

पुढच्या आठवड्यात प्रोफेसर स्वतः आले. त्या जागी उभे राहिले, फाटकाकडे बघत राहिले, आणि तिथेच पेपर काढून पासची सही केली; इकडे माझा नवस फिटला. डोरोथी एवढंच म्हणाली, "खिडकीच्या कठड्यावर टेकू नका."

तुम्हीही एक करा. उद्या तुमच्या घरातली बाई जिथे भाजी चिरते, तिथे पाय ठेवून जरा उभं राहा. समोर काय दिसतं ते बघा. आणि मग विळी तुम्ही घ्या, तिला थोडा वेळ नुसतं बघू द्या.