मदीनाबीच्या मापाची बैठक

फारुक मिस्त्रीनं उभ्या जन्मात कागद बघून काम केलं नाही. बाज करायची तर गिऱ्हाइकाला दुकानातच आडवं पाडायचा. खुर्ची करायची तर विटांच्या थप्पीवर बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंत वीत टाकायचा. डोंगरकडा गावातली निम्मी माणसं त्याच्या भुशात लोळून उठलेली आहेत.

तांड्यावरचा रणजीत आठ वर्षं पुण्याच्या हॉटेलात चायनीज करून परत आला. स्वतःच्या हॉटेलासाठी रस्त्याला गाळा घेतला आन् फारुकला मोबाईलवर फोटो दाखवले.

"चाचा, अर्धं इंग्लंड, अर्धं जपान करायचं."

इंग्लंडच्या बाजूला मखमली सोफे, काचेचं झुंबर आन् भिंतीला विटांच्या चित्राचा कागद. जपानच्या बाजूला बांबूचे पडदे, कागदी कंदील, लाकडी ओटा आन् ओट्यावर बुटके टेबल. मांडी घालून जेवायचं.

"ह्ये कुठलं आलं जपान? ह्ये तर आमचं दस्तरखान," फारुक हसला.

घरी गेल्यावर हसू गेलं. त्याच्या बायकोचे, मदीनाबीचे, गुडघे जाऊन चार वर्षं झाली. सारं घर खाली दस्तरखान अंथरून जेवतं. तिला खाली बसता येत नाही. जवळच बाजेवर बस म्हणलं तर ऐकत नाही. रोटी खाली आन् आपले पाय वर, ही बेअदबी, असं तिच्या माहेरचं वळण. म्हणून ती आतल्या खोलीत एकटीच जेवते. फारुकनं टेबल-खुर्च्या करून बघितल्या. "माझ्यापायी समद्यांनी खुर्चीवर काहून चढावं?" म्हणली. त्या टेबलावर आता गव्हाची कोठी आहे.

हॉटेलात कोण येणार, कसा येणार, कुणाला ठाऊक? मग माप घ्यावं तरी कुणाचं? फारुकनं घरचंच घेतलं.

"पाय खाली सोड."

"काय करून राहिले? माझी खुर्ची करता का आणिक?"

"गप बस. हलू नको."

ओटा मदीनाबीच्या गुडघ्याइतका उंच झाला. चारी टेबलांखाली पाय सोडायला फारुकनं खळगे ठेवले. मांडी घालणारा मांडी घालील, ज्याला जमत नाही तो पाय सोडील. दोघं बसणार मात्र एकाच फळीवर.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी रणजीत बघायला आला आन् डोक्याला हात लावून उभा राहिला.

"चाचा, ह्ये खड्डे काहून? फोटोत हायेत का कुठं?"

"पाय सोडायला."

"कुणाचे?"

फारुक रंध्याची पात पुसत राहिला. "तुझ्या चाचीचे."

"चाची रोज येणार हाय का नूडल्स खायला? लेकरं पडतील त्यात. फळ्या ठोका."

"ठोकतो. एकडाव तिला बसवून बघू दे, मग ठोकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मदीनाबी ऑटोत आली. फारुकनं कोपराला धरलं, तिनं झटकून टाकलं. बाजेवर बसावं तशी ओट्याच्या काठावर बसली आन् सरकत सरकत पाय टेबलाखाली सोडले. टाचा बराबर टेकल्या. रणजीत नवी शेगडी पेटवून बघत होता, त्यानं एक ताट भरून आणलं आन् समोर मांडी घालून बसला.

मदीनाबीनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग ताटाकडं. पदर सावरला, बिस्मिल्ला म्हणली आन् घास घेतला.

"ह्या शेवया तिखट काहून केल्या रे?"

"चाची, नूडल्स म्हणतात याला."

"म्हणत असतील. मीठ कमी हाय."

रणजीतनं तिच्याच ताटातला घास घेतला. "व्हय की. कमीच हाय." उठून मीठ आणलं. परत बसताना टेबलाखालच्या खळग्याकडं बघितलं.

"चाचा, हा एक राहू द्या. बाकीचे तीन बुजवा."

"चारी ऱ्हाऊ दे की."

"चाचा!"

"बरं, तीन." फारुक फळ्या आणायला वळला.

"ओ अय्याजचे अब्बा," मदीनाबीनं नवऱ्याला हाक मारली, "फळ्या पळून चालल्या का? आधी बसा. गार होऊन राहिलं."

पायजम्याचा भुसा झटकून फारुक ओट्यावर चढला आन् तिच्या शेजारी मांडी घालून बसला. रणजीतनं दुसरं ताट आणून ठेवलं. मदीनाबीनं न विचारता आपल्या ताटातल्या शिमला मिरच्या वेचल्या आन् एकेक करून फारुकच्या ताटात टाकल्या.