बाणाची रेघ आणि खाडीचं पाणी

आमच्या टेंभीवरच्या घरातली मोरी मी एकदा अगदी सपाट करून घेतली. गवंडी बिचारा नको नको म्हणत होता. पण कचेरीतल्या ओव्हरसियरांकडून मी दोन दिवसांसाठी त्यांची छोटी पाणसळ मागून आणली होती. लाकडाच्या पट्टीत काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. तो नळीच्या बरोबर मध्यावर बसेपर्यंत मी गवंड्याला दगड ठोकायला लावले. चारी बाजूंनी सपाट! असली मोरी सबंध ठाण्यात नसेल, असं मी बायकोला सांगितलं, आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ केली, तर पाणी पडलं तिथंच राहिलं. भोकाकडे जायचं त्याच्या मनातच येईना. बायकोनं निऱ्या वर खोचल्या, खराटा घेतला आणि सगळं पाणी भोकाकडे लोटलं. ती काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलं होतं की हे लक्षण बरं नव्हे.

हे सपाटीचं खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगितलं पाहिजे. ज्या कचेरीतून घर बांधायचा परवाना मिळे, तिथे मी कारकून होतो. परवान्यात एक अट असे, की घराचं जोतं अमुक इतकं उंच हवं, म्हणजे उधाणाचं पाणी घरात शिरणार नाही. अट चांगली होती. पण उंच म्हणजे कशापासून उंच? तळ्याकाठचे लोक तळ्याच्या काठापासून मोजत, बाजारातले एका देवळाच्या पायरीपासून, आणि खाडीकडचे बंदराच्या वरच्या पायरीपासून. बंदराची पायरी तर चिखलात दरसाल थोडी थोडी खचत होती. त्यामुळे नंतर बांधलेलं घर आधीच्या घरापेक्षा बुटकं, आणि दोघांचेही परवाने बिनचूक! मी ते परवाने वर्षानुवर्षं सुवाच्य अक्षरात लिहीत आलो होतो. माझ्या मनाला कधी शंका शिवली नाही. माझं सगळं लक्ष अक्षराच्या वळणाकडे.

मग कल्याणहून बदलून नवे ओव्हरसियर आले. हे पूर्वी शहाडकडे नदीच्या पुलाच्या कामावर होते. माणूस सडपातळ, बोलणं तुटक. त्यांनी पहिल्या आठवड्यातच मला बंदरावर नेलं आणि धक्क्याच्या भिंतीतला एक काळा दगड दाखवला. त्यावर एक आडवी रेघ कोरलेली होती आणि रेघेला खालून टेकलेला बाण. सरकारी मोजणीवाले ती खूण करून गेले होते. मी त्या दगडाला टेकून कितीदा तरी पान खाल्लं होतं.

"यापुढं सगळ्या गावाला हीच एक रेघ," ओव्हरसियर म्हणाले. "या रेघेच्या खाली कुणाचंही जोतं नको. तसा नियम लिहून काढा."

"पण साहेब, ही रेघ कशावरून ठरवली?"

"समुद्रावरून. मुंबईच्या समुद्रापासून ही किती उंच, ते त्यांनी मोजत आणलंय."

"समुद्र तर सारखा वरखाली होतो. कितव्या घटकेचा समुद्र धरला?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावले. पण त्यांना प्रश्न आवडला होता. "कुठल्याच घटकेचा नाही. कैक वर्षं भरत्या-ओहोट्या मोजायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. तो समुद्र."

घरी जाताना मी त्याच समुद्राचा विचार करत होतो. दिवसातून चार वेळा पाणी त्या मध्यावरून जातं, पण तिथे थांबत कधीच नाही. जिथे पाणी कधी ठरत नाही, तिथून सगळं मोजायचं! मला हे इतकं नवलाचं वाटलं की मी ते बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "बरं," ती म्हणाली. मोरी मी त्यानंतरच्या आठवड्यात सपाट केली.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीकडच्या घरांची जोती तपासायला निघालो. तीन पायांच्या घोडीवर बसवलेली दुर्बीण, एक चौदा फुटी मापाची काठी आणि ती धरायला कचेरीतला शिपाई. बाणाच्या दगडापासून मोजत मोजत, दुर्बीण पुढे पुढे मांडत आम्ही गेलो. दुर्बिणीतून ओव्हरसियर बघत, आकडा बोलत आणि मी लिहीत असे. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं.

शेवटचं घर होतं मिठागरावर जन्म काढलेल्या एका म्हाताऱ्याचं. मिठागराच्या कडेला भराव घालून त्यानं जन्मातलं पहिलं पक्कं घर काढलं होतं. जोतं पावसाळ्याआधीच भरून ठेवलेलं, आणि आदल्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, दाराची चौकट उभी केलेली. चौकटीला हळदीकुंकू, आंब्याची डहाळी, वर हिरव्या खणाच्या पुरचुंडीत अक्षता. भिंत अजून एकही नव्हती. नुसती चौकटच खाडीच्या वाऱ्यात उभी होती, आणि त्याची म्हातारी मात्र आत-बाहेर करताना त्या दारातूनच जात होती.

बाजूला चुना मळायचं काम चाललं होतं. वाऱ्याचा झोत आला आणि ओव्हरसियरांच्या डोळ्यांत चुन्याची भुकटी गेली. ते मटकन खाली बसले. म्हातारीनं पाणी आणलं. डोळ्यांवर ओला पंचा धरून ते मला म्हणाले, "एवढा एकच आकडा राहिलाय. तुम्ही बघा. मधल्या आडव्या तारेवर काय येतं ते सांगा."

मी आयुष्यात प्रथमच दुर्बिणीला डोळा लावला. आत बघतो तर शिपाई डोकं खाली पाय वर! जोतं आभाळात आणि काठीवरचे आकडे सगळे उलटे. शिपाई उलटा का, हा विचार कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात आधी आला असता. माझ्या मनात आलं, काठी उलटी का.

"अरे, उलटी धरलीस! सुलटी कर!" मी ओरडलो.

शिपायानं एकदा काठीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. हुकूम तो हुकूम. त्यानं काठी फिरवली. आता आकडे सरळ दिसू लागले, आणि मी ठणठणीत आवाजात सांगितलं, "साडेसात फूट!"

ओव्हरसियरांनी डोळे मिटल्या मिटल्याच हिशेब केला: काठीवरचा आकडा जितका मोठा, तितकं जोतं खाली. जोतं रेघेच्या अकरा इंच खाली. नोटीस मीच लिहिली, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात: आठ दिवसांत जोतं उंच करावं, नाहीतर काम बंद.

चौथ्या दिवशी म्हातारा नोटीस घेऊन कचेरीत आला. त्याला वाचता येत नव्हतं, पण आत काय आहे ते कुणीतरी सांगितलेलं होतं.

"भाऊसाहेब, जोतं वर उचलाचं म्हंजे चौकट काढाला लागल."

"काढा आणि परत बसवा," मी म्हणालो.

"पुजलेली चौकट?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला खुर्चीत नीट बसवेना. "आमची म्हातारी म्हनते, दारातली लक्ष्मी उपटून बाजूला ठेवाची असंल तं घर नको, झोपडीत मरते. चार दिस जेवली नाय ती."

ओव्हरसियर आतून आले. डोळे अजून लाल होते. "नियम सगळ्यांना एकच आहे, बाबा."

"व्हय, सायब. नियमाला मी नाय म्हनत नाय. तुमची दुर्बीण म्हनते मी खाली हाय. पानी तसं म्हनत नाय." त्यानं जमिनीवर उकिडवं बसून बोटानं रेघ ओढली. "मिठाची कोंडी आमी कशी सपाट करतू? पानी सोडतू. पानी सांगतं कुठं खोल, कुठं उथळ. उद्या कोजागिरी हाय, दुपारी भरती येल. तुमच्या बाणापाशी एक मानूस बसवा. मी घराशी बसतू. पानी ठरलं का दोघांनी मोजाचं. खाडी एकच, पानी एकच."

ओव्हरसियरांनी वाकून ती रेघ पाहिली. मग म्हणाले, "करून बघायला हरकत नाही. पण कमी भरलं तर नोटीस कायम." आणि माझ्याकडे वळून, "तुम्हीच बसा. तुम्हाला समुद्राची हौस आहे."

कोजागिरीला दुपारी मी तीन फुटी पट्टी घेऊन बाणाच्या दगडापाशी जाऊन बसलो. म्हाताऱ्यानं शिकवून ठेवलं होतं की पाण्यात भाताची तुसं टाकायची. तुसं आत वाहत असली तर पाणी चढतंय, बाहेर वाहू लागली तर उतरतंय. मधे एक वेळ अशी येते की ती जागच्या जागी फिरत राहतात. तेव्हा पाणी ठरलं. तिकडे म्हाताऱ्यानं खाडीपासून घरापर्यंत एक चर खणला होता, म्हणजे खाडीचंच पाणी जोत्याच्या पायाशी येणार होतं.

पाणी पायरी पायरी चढत आलं. तुसं आत गेली, आत गेली, मग हळू झाली आणि माझ्या पायापाशी जागच्या जागी घुटमळू लागली. सबंध खाडी थांबली होती. इतकी वर्षं मी त्या काठी राहिलो, पण ती थांबते हे मला ठाऊकच नव्हतं. मी रेघेपासून पाण्यापर्यंत पट्टी धरली. अडीच फूट.

धोतर सावरत मी म्हाताऱ्याच्या घराकडे पळालो. त्यानं ओल्या बांबूवर कोयत्यानं खाच पाडून ठेवली होती. पाणी ठरलं तेव्हा ते जोत्याच्या माथ्यापासून किती खाली होतं, त्याची ती खूण. मी पट्टी लावली. दोन फूट सात इंच.

म्हणजे जोतं रेघेच्या खाली नव्हतंच, इंचभर वर होतं! मी पुन्हा मोजलं. तेवढंच. मग दुर्बिणीत बारा इंचांची चूक कुठून आली?

म्हातारी चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "तवा शिपायानं काठी फिरवली, ती काय रीत असते का सायबांची?"

"कसली फिरवली?"

"काठीचा लोखंडी पाय वर आभालात गेला ना! मी म्हटलं, आसंल बा."

माझ्या डोळ्यांसमोर तो लोखंडी पाय उभा राहिला. चौदा फुटी काठी, वरून साडेसात, म्हणजे खालून साडेसहा. एक फूट. तो फूट माझा होता.

खोटं कशाला सांगू, परत येताना वाटेत मी बराच विचार केला. म्हाताऱ्याचं काम पाण्यानं झालंच होतं. दुर्बिणीत काहीतरी बिघाड असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग त्याच दुर्बिणीनं मोजलेल्या बाकीच्या घरांवर कोण विश्वास ठेवणार? आणि ओव्हरसियर त्या यंत्राला पोटच्या पोरासारखं जपत. मी जाऊन सगळं सांगून टाकलं. आकडे उलटे दिसले म्हणून काठी फिरवायला मीच लावली, हेही.

ते ताडकन उठले. "अहो, त्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं! तशीच असते ती!"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत का? समुद्राचं एवढं विचारलंत!"

त्याच संध्याकाळी त्यांनी दुर्बीण पुन्हा म्हाताऱ्याच्या घरासमोर मांडली. आकडा आला साडेसहा. नोटीस त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती फाडली. माझं अक्षर खरंच सुवाच्य होतं. मग त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, पुढच्या पौर्णिमेला खाडीच्या पलीकडच्या काठची उंचीही अशी पाण्यावरून ताडून बघता येईल का. म्हातारा म्हणाला, तिकडं पानी थोडं उशिरा ठरतं. ओव्हरसियरांनी लगेच खिशातून वही काढली. दोघं उकिडवे बसून बराच वेळ बोलत होते.

मी तेवढ्यात दुर्बिणीला डोळा लावला. म्हातारी तिच्या चौकटीत उलटी उभी होती आणि पदर तोंडाशी धरून गूळ-खोबरं खात होती. या वेळी मी कुणालाही काहीही सांगितलं नाही.

घरी आलो, हातपाय धुतले आणि दूध आटेपर्यंत बायकोला सगळी हकिकत सांगितली. काठीची, तुसांची, चौकटीची. ती चमचा हलवत ऐकत होती.

"राहिली ना तिची चौकट?" तिनं विचारलं.

"राहिली."

"जेवली का ती?"

"गूळ-खोबरं खाताना बघितली."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि पातेलं खाली उतरवून पुढे म्हणाली, "आता उद्या त्या गवंड्याला बोलवा आणि माझ्या मोरीला उतार करून द्या. तो काम करील तेव्हा तुम्ही कचेरीत असा."