साडेचार दिवसांची वेचणी

श्री. महादेवराव भोयर गुरुजींची आणि माझी पहिली भेट समुद्रपूरच्या मोटार स्टँडवर झाली. मी शाळेत नव्याने रुजू व्हायला आलेली, हातात ट्रंक, आणि मुख्याध्यापक स्वतः न्यायला उभे. खोली मिळेपर्यंत महिनाभर मी त्यांच्याच घरी जेवले. जेवताना गुरुजी अपूर्णांकांचा विषय काढत. वरण निवून जाई, विषय संपत नसे, आणि त्यांच्या पत्नी सीताबाई कपाळाला हात लावत.

गुरुजींनी किती नवे शिक्षक घडवले, हे या गौरव अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्यांची रीत ठरलेली. नव्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर मुलांमध्ये बसायचे, मुलांसमोर चकार शब्द काढायचा नाही, आणि नंतर चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहून द्यायचा. त्यांचे अक्षर असे की निम्मी शिक्षा ते लावण्यातच भोगून होई.

दुसऱ्याच महिन्यात मी सहावीला त्रैराशिक शिकवत होते. चार बाया एका वावरातला कापूस तीन दिवसांत वेचतात, तर सहा बायांना किती दिवस लागतील? मी फळ्यावर ठासून साडेचार लिहिले. गुंफा नावाची मुलगी उभी राहून ‘दोन’ म्हणाली. उलट बोलते म्हणून मी तिला तासभर भिंतीकडे तोंड करून उभे केले. गुरुजी तेव्हा मागच्या बाकावर होते.

चिठ्ठीत प्रश्न होता : ‘बाया वाढल्या, मग दिवस का वाढले?’ मी गणित पुन्हा मांडले, तर उत्तर दोनच आले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी गणित दुरुस्त केले, पण गुंफा आलीच नव्हती. बरोबर सांगूनही शिक्षा होते ती शाळा कशाला, म्हणून आईने तिचे नाव काढायचे ठरवले होते आणि तिला वेचणीला नेले होते. चूक पुसली, आता मी काय करू, असे मी गुरुजींना विचारले.

“फळ्यावरची पुसली, बाई. पोरीचं काय?” ते म्हणाले.

वावरात जाऊन चूक कबूल केली तर गाव हसेल, मग मला कोण मानणार, असा मी वाद घातला. त्यांनी हुकूम सोडला नाही. सोबत येतो, बोलायचे मात्र तुम्हीच, एवढेच म्हणाले.

बायांच्या ओट्या कापसाने भरल्या होत्या. मी सगळ्यांसमोर झाले ते सांगितले, गुंफाची माफी मागितली. बाया खो खो हसल्या. एक म्हणाली, “बाई, तुम्ही वेचाले याल तं लागतीन साडेचार दिवस.” गुंफाची आई हसली नाही. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “चुकली म्हणून सांगाले मास्तरीण वावरात आली. पोरगी उद्या येईन शाळेत.” परतताना गुरुजींनी टोपी काढून डोळे पुसले, ते मी पाहिले.

यंदा गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गुंफा ट्रेनिंग पूर्ण करून यंदाच शिक्षिका झाली आहे. त्या दिवशी गुरुजी सोबत आले नसते, तर ती वावरातच राहिली असती, आणि मी चुका झाकत जन्म काढला असता. आम्हा दोघींच्या वतीने मी मागते : गुरुजींना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो.