सुकलाल नानांची रांग

केवळ रांगेत उभं राहण्यासाठी जन्माला आलेला माणूस मी एकच पाहिला. आमचे सुकलाल नाना. आमच्या पर्वत पाटिया भागात रविवारी लोचोच्या, म्हणजे वाफवलेल्या डाळीच्या नाश्त्याच्या गाडीवर अर्धं सुरत लोटतं. नाना त्या गर्दीत उभे राहत आणि आपला नंबर आला की मागच्याला म्हणत, "तुम्ही व्हा ना भो पुढे. माले काय घाई शे!" मग स्वतः पुन्हा शेपटाला. न्हाव्याकडे तेच. तो बिचारा वस्तरा उगारून ओरडे, "काका, हवे तमारो वारो!" म्हणजे आता तुमची पाळी, आणि नाना शेजारच्याला खुर्चीत ढकलत. सकाळी दाढीला गेलेले नाना दुपारी परतत तोवर दाढी आणखी चार बोटं वाढलेली असे. तापीला पूर आला असता तर नाना काठावर उभे राहून म्हणाले असते, "आधी तुम्ही बुडा."

लोक म्हणत, केवढा सज्जन माणूस! मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, मला खरं कारण ठाऊक होतं. रांगेत माणसं असतात. पुढचा भावावर बोलतो, मागचा सुनेवर बोलतो. नानांच्या खोलीत बायकोचा फोटो होता आणि एक पंखा होता. दोघांत पंखाच काय तो कुरकुरायचा.

अमळनेरकडून तरुणपणी आलेल्या नानांनी जन्मभर कापडाचे लूम चालवले. त्या खडखडाटात कान गेले आणि आवाज वाढला. ते फोनवर बोलू लागले की तिकडे कतारगामला कारागिरांच्या चिमट्यातून हिरे निसटत. पण बोलणार कुणाशी? एकुलता एक योगेश पोलंडला गोदामात कामाला. त्याचा फोन सणाला. "नाना, बरं शे ना?" "बरं शे." संपलं.

मागच्या खेपेला तो आला तेव्हा त्याने नानांच्या मोबाईलमध्ये बिटकॉइनचं वॉलेट बसवून दिलं आणि परत जाऊन त्यांना थोडे बिटकॉइन पाठवले. ते मध्येच अडकले.

नाना माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आले. मी समजावलं, "नाना, इथे बँकेचा साहेब नसतो. सगळे व्यवहार रांगेत उभे राहतात. जो जास्त फी देईल तो आधी आत. तुमच्या पोराने पैसे वाचवायला कमीत कमी फी लावली, म्हणून त्याचा व्यवहार शेपटाला आहे."

"रांगमा शे?" नानांचा चेहरा उजळला. "मग जाईल कवा?"

"गर्दी ओसरली की. नाहीतर पाठवणाऱ्याने तोच व्यवहार जास्त फी लावून पुन्हा पाठवायचा. नवा आत गेला की जुना आपोआप बाद. पैसे दोनदा जात नाहीत. थांबा, मी योगेशला सांगतो."

नानांनी माझा हात धरला. "नको सांगू, भाऊ."

कारण योगेश आता रोज फोन करत होता! त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे आमच्या संध्याकाळी. "नाना, पैसा उना का?" "नई उना भो, रांगमा शे! तू जेवना का? काय खादं?" पोलंडमधल्या कोबीच्या भाजीत मीठ किती पडतं हे आमच्या अख्ख्या चाळीला पाठ झालं. नाना दिवसभर त्या फोनच्या तयारीत असत. अंगावर धुतलेला सदरा, चहा आधीच पिऊन घेतलेला.

मग एका संध्याकाळी योगेश म्हणाला, "नाना, माले उपाय सापडना. फी वाढवी दिधी." फोन ठेवून नानांनी ओतलेला चहा निवायच्या आत पैसे आले.

दुसऱ्या संध्याकाळी नाना धुतलेला सदरा घालून जिन्यात बसले. फोन आला नाही. तिसऱ्याही संध्याकाळी नाही. त्या आठवड्यात न्हाव्याने "तमारो वारो" म्हटलं आणि नाना मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसले. न्हावी घाबरला. मला बोलवायला धावत आला.

मग नाना दुकानात आले. "भाऊ, आपण पोराले पाठवू शकतस का? सर्वात कमी फी लावून?"

पाठवले. अडकले. संध्याकाळी फोन! "नाना, कशाले पाठाडं? ते अडकनं. आता तुम्हीच फी वाढवा." "कशी वाढवू रे भो?" योगेशने शिकवलं. "समजनं नई. उद्या परत सांग." ज्या माणसाने बिघडलेला लूम डोळे मिटून सुरू केला, त्याला एक बटण महिनाभर सापडेना! फारच झालं की नाना बटण दाबत, पैसे पोचत, आणि दोन दिवसांनी नवा व्यवहार शेपटाला उभा राही.

मागच्या उन्हाळ्यात नाना झोपेतच गेले. त्यासाठी तेवढं त्यांनी कुणाला पुढे होऊ दिलं नाही.

योगेश आला. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं त्यांच्या खोलीत बसलो. नानांच्या मोबाईलला कुलूप नव्हतं. उघडला तर शेवटचा व्यवहार अजून रांगेत. खाली बटण: फी वाढवा. योगेशचा अंगठा त्यावर येऊन थांबला.

"काका, नानांना हे बटण येत होतं ना?"

मी आयुष्यभर थापा मारल्या, पण ही एकच मला नीट जमली नाही. "छे रे. शेवटपर्यंत नाही."

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मग मोबाईल माझ्या हातात दिला. "दाबू नका. दुकानात चार्जिंगला असू द्या."

आता संध्याकाळी माझा फोन वाजतो. व्यवहार कुठे आहे ते योगेशला तिकडे त्याच्या मोबाईलवर दिसतं. फार दिवस झाले की असा व्यवहार रांगेतून गळून पडतो, हेही त्याला माहीत आहे, मलाही. तरी तो विचारतो, "काका, पैसा निंघना का?"

मी नानांच्या मोबाईलकडे बघतही नाही. नानांच्याच आवाजात, कतारगामपर्यंत जाईल असं ओरडतो, "नाही रे! त्यांनी आणखी कुणाला तरी पुढे जाऊ दिलं. तू जेवलास का?"