मशीन त्यांच्या अंगणात

“दीदी, तू जरा मागे हो ना. फोटो में काले हाथ अच्छे नहीं दिखते.”

आमच्या समूहाची योजना बघणाऱ्या मॅडम बोलल्या. सगळ्यांसमोर, माझ्या खुर्चीवर हात ठेवून. खुर्चीवर कागद चिकटवलेला, ‘अध्यक्ष, महिला समूह’. ती अध्यक्ष मी. मी उठले. तिथे भाभी बसल्या. दापोऱ्यातल्या ज्या बड्या शेतमालकाच्या अंगणात आमची मशीन ठेवली आहे, त्यांची ही बायको. समूहात तिचं नावसुद्धा नाही.

हात काळे केळीच्या चिकाने. घड उतरल्यावर शेतात पडलेली खोडं आम्ही सोलतो, सोपटं मशीनला लावून धागा काढतो, टोपल्या विणतो. चिकाचा डाग काही केल्या जात नाही. ही योजना आली आम्हा दलित वस्तीतल्या सातजणींसाठी. मशीनही समूहाच्याच नावावर. पण “तुमच्या वस्तीत लाईट का भरोसा नहीं,” म्हणत मॅडमनी एका कागदावर माझी सही घेतली आणि मशीन भाभींच्या अंगणात गेली. मी कागद वाचला नाही. मॅडम माझ्या घरी चहा प्यायच्या हो! तेवढ्यावर मी भाळले. केवढी मूर्ख मी.

त्या अंगणात आम्हाला मागच्या दाराने यावं लागायचं. पाणी आपापलं आणायचं. आम्ही निघालो की ओटा धुतला जायचा. मॅडमना हे सांगितलं, तर म्हणाल्या, “सह लो. काम तो मिल रहा है ना.”

तर त्या फोटोच्या दिवशी योजनेचं काम बघायला मोठे साहेब आले होते. फोटो झाले. साहेब भाभींना म्हणाले, “चलाकर दिखाइए.”

सोपट अर्धं आत घालायचं, घट्ट धरून बाहेर ओढायचं, मग उलटं करून दुसरं टोक घालायचं. हातातून सोडायचं नसतं. भाभींनी सोडून दिलं. मशीनने ते अख्खं गिळलं आणि ती घरघर करत बंद पडली.

मॅडमनी मला खूण केली. “जल्दी आ, तू करके दिखा.”

सवयीने मी दोन पावलं टाकलीही. मागून सखू पुटपुटली, “नको जाऊ वं, जिजी.” ती आमच्यातली सगळ्यात गप्प बाई. मी थांबले.

“साहेब, अध्यक्ष मी हाय. ह्या बाईचं नाव समूहात नाही. मशीन आमची हाय, ती आमच्या वस्तीत पाहिजे.”

साहेब मॅडमकडे बघायला लागले. मॅडम हसल्या. “सर, ये लोग ना, थोडा सिखाओ तो सिर पे चढ़ जाते हैं.”

ये लोग. इतके दिवस मी दीदी होते.

भाभींचा मला एवढा राग नाही. त्यांनी माया कधी दाखवलीच नव्हती. मॅडमनी दाखवली, आणि ती खोटी होती. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

साहेबांची गाडी गेल्यावर आम्ही सातजणी हातगाडी घेऊन फाटकाशी गेलो. मालक आडवे उभे. “तेरी सही का कागद मेरे पास है.” रिकामी हातगाडी घेऊन परत आलो. मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईत अर्ज दिला. “देखेंगे,” तिथले अधिकारी म्हणाले.

मॅडमचे फोन येतात. नवी योजना आहे म्हणे, मला मंचावर बसवणार आहेत. मी फोन उचलून एवढंच विचारते, मशीन कधी आणताय?

तोवर ती गंजली तर गंजू दे. त्या अंगणात आमच्यातली एकही बाई तिला हात लावणार नाही. आणि दर मंगळवारी आम्ही सातजणी जनसुनवाईच्या पहिल्या रांगेत बसणार, हेच काळे हात घेऊन.