भागीरथीचं पोट

धसईकडच्या आमच्या गावात भागीरथीनं हातभट्टीची अकरा मडकी फोडली, तेव्हा तिच्यामागे मी, सकुबाई, काठी घेऊन उभी होते. दारूचं नाव काढलं की ही बाई विंचू डसल्यासारखी उसळायची. आणि दोन हजार सातच्या उन्हाळ्यात नेमकं तिचंच पोट फुगलं. हातपाय काटक्या, पोट टम्म, अगदी दारूनं मेलेल्या तिच्या नवऱ्यासारखं. माझ्याही मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू?

भट्टीवाल्या बारकूच्या हाती तर आयतंच कोलीत आलं. "चोराच्या उलट्या बोंबा! मडकं फोडायच्या आधी चाखत होती," असं तो गावभर सांगत सुटला. त्यात धसईच्या एका डॉक्टरनं पोट बघूनच "दारू बंद करा" म्हटलं. मग काय, हातच्या कांकणाला आरसा कशाला? भट्ट्या फोडायला आमच्यासोबत येणाऱ्या बायका एकेक करून गळाल्या, भट्ट्या पुन्हा पेटल्या. भागीरथी शपथा घेऊन थकली. पोटातलं पाणी काढलं तरी परत भरायचं. बाई मरणार आणि दारुडी म्हणून मरणार, हे दिसतच होतं.

मुरबाडच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी तिची मान बघितली. शिरा टरारलेल्या. त्यांनी कल्याणला सीटी स्कॅनला धाडलं. मी सोबत गेले. फिल्म आणल्यावर बाईंनी ती उजेडाला धरून काळजाभोवतीची पांढरी कड दाखवली. जुन्या टीबीनं काळजावरचं आवरण जाड, कडक झालं होतं, त्यावर चुना धरला होता. काळीज पुरतं फुलेना, म्हणून पोटात पाणी तुंबत होतं. ऑपरेशन करून ते आवरण काढायचं.

"दारूनं होतं का असं?" मी विचारलं.

"नाही."

"नक्की नाय ना?"

"सकुबाई, किती वेळा सांगू?"

परत येताना मुरबाडच्या स्टँडवर माझ्यानं राहवेना. "भागी, मी रोज सकाळी तुझ्याकडं चहाला येत होती ना, ती तुझ्या तोंडाचा वास घ्यायला."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "म्हणून तर मी अगदी जवळ बसून बोलत होती. वाटायचं, सकू तरी एक दिस गावाला सांगंल, वास येत नाय म्हणून."

वास मला एकदाही आला नव्हता. आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.